जुन्या शिडाच्या होडीचं वायरिंग: एक दिवा लावला की दुसरा विझतो!

खारा_वारा (रविवार, रात्री १०.१०)

नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

होडी २८ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची, १९८४ ची बांधणी. माझ्याकडे गेल्या दिवाळीपासून आहे. त्याआधी तीन मालक तरी झाले असावेत आणि तिघांनीही वायरिंगला हात लावलाय. पॅनेलमागे लाल, काळी, निळी अशा वायरी आहेतच, दोन ठिकाणी तर घरातल्या ट्यूबलाइटची पांढरी जुळी वायर आहे. पावसाळाभर जयगड खाडीत वर ओढून, ताडपत्री घालून शाकारून ठेवली होती. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली आणि तेव्हापासून दिव्यांनी छळ मांडलाय.

डोलकाठीवर दोन दिवे. अगदी टोकाला नांगरावर असताना लावायचा पांढरा, १० वॅट. त्याखाली इंजिनवर चालताना लावायचा पांढरा, २५ वॅट. पुढचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा हे वेगळे, होडीच्या अंगावर.

नेव्हिगेशनचं बटण दाबलं की लाल-हिरवे आणि मागचा झकास लागतात, पण डोलकाठीवरचा इंजिनचा दिवा लागत नाही. उलट पॅनेलवर नांगराच्या बटणाचा छोटा इंडिकेटर आपोआप लागतो, बटण बंद असताना! नुसतं नांगराचं बटण दाबलं तर वरचा दिवा समईच्या वातीसारखा मिणमिणतो, आणि काळोखात नीट पाहिलं तर पुढचे लाल-हिरवेही किंचित तांबूस होतात. दोन्ही बटणं दाबली तर डोलकाठीवर मिट्ट काळोख. मिणमिणणारासुद्धा विझतो.

आतापर्यंत नवी बॅटरी घेतली (१०० एएच, म्हणजे अँपिअर-अवर), दोन्ही बल्ब बदलले. त्यासाठी झोळीत बसून वर चढलो, खाली बायको दोर धरून. तिने तो विषय परत काढायचा नाही असं बजावलंय. वर होल्डरमध्ये मीटर लावला तर चक्क १२.५ व्होल्ट. मग दिवा का लागत नाही?

सुकती_भरती (रविवार, रात्री १०.३२)

बॅटरी नवी असली तरी चार्ज आहे का? दुकानात सहा महिने पडलेली देतात. माझ्या इन्व्हर्टरची तशीच निघाली होती.

खारा_वारा (रविवार, रात्री १०.४०)

रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजली, १२.७. बॅटरी धडधाकट आहे.

सुकती_भरती (रविवार, रात्री १०.४४)

मग पैसे फुकट गेले म्हणायचे.

खारा_वारा (रविवार, रात्री १०.४५)

धन्यवाद.

रेडिओवाला (रविवार, रात्री ११.०५)

सगळीकडे एलईडी घाला आणि मोकळे व्हा. २५ वॅटच्या जागी अडीच-तीन वॅट. करंटच एवढा कमी की जुनी वायरही चालून जाते.

गॅरेजवाली (सोमवार, सकाळी ७.५०)

थांबा, एलईडी घेऊ नका अजून. होडीतलं मला काही कळत नाही, चिपळूणला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पण हे लक्षण मी आठवड्यातून दोनदा बघते. टेम्पो येतो, ड्रायव्हर म्हणतो, ताई, ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो आणि इंडिकेटर दिला की पार्किंग मंद होतं. दर वेळी मागच्या दिव्याचं अर्थिंग, म्हणजे मायनसचा जोड, गेलेलं असतं. चिखल, गंज, एक स्क्रू. तुमच्या वरच्या दोन दिव्यांची मायनस वायर एकच आहे का? ती कुठेतरी तुटलीय.

एलईडी घातले असते तर करंट उलटा गेलाच नसता. लक्षणं गेली असती आणि दिवाही लागला नसता. मग बसला असतात शोधत.

खारा_वारा (सोमवार, सकाळी ८.२०)

ताई, मायनस एकच आहे हे खरं. डोलकाठीतून तीनच वायरी येतात. पण मायनस तुटली असेल तर मीटर १२.५ कसे दाखवेल? प्लस आणि मायनस दोन्ही टोकांना लावूनच मोजलं होतं.

बत्तीसाहेब (सोमवार, दुपारी १.१५)

गॅरेजवाली यांना १०० पैकी १०० गुण. मी व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो (आपल्याकडचे खलाशी त्याला बत्ती साब म्हणतात, आयडी त्यावरूनच). आता निवृत्त होऊन रत्नागिरीत लोकांचे मिक्सर दुरुस्त करतो.

करंट कसा फिरतोय ते कागदावर काढा, मजा येईल. नांगराचं बटण दाबलं. करंट वर चढला, बल्बमधून गेला, पण खाली उतरायची वाट बंद. पन्हळ तुंबला की पाणी कौलांतून घरात शिरतं तसं त्याने केलं. शेजारच्या इंजिनच्या दिव्यात उलटा घुसला, त्या दिव्याच्या प्लस वायरीने खाली आला, पॅनेलवर नेव्हिगेशनच्या बटणापाशी पोचला, आणि तिथून लाल-हिरव्या दिव्यांतून त्यांच्या चांगल्या मायनसला जाऊन मिळाला. १२ व्होल्ट तीन ठिकाणी वाटले गेले. म्हणून वरचा मिणमिणतो आणि पुढचे तांबूस होतात.

आता दोन्ही बटणं दाबा. दोन्ही बल्बांच्या प्लसला १२, मधला सांधा लोंबकळता. दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा, मग वाहणार काय? काळोख.

मीटरचं कोडं: तुमच्या पॅनेलचे इंडिकेटर जुन्या पद्धतीचे, बारीक तारेचे बल्ब असणार. तुम्ही वर मोजताना इंजिनच्या दिव्याचा बल्ब काढला होता, नांगराचा जागेवरच होता. मीटरला उतरायला नांगराच्या बल्बातून त्याच्या इंडिकेटरपर्यंत वाट मिळाली. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्याला तेवढी पाऊलवाट पुरते. दिव्याला मात्र दोन अँपिअर लागतात, त्याला हमरस्ता हवा. बिनलोडचा, म्हणजे दिवा जोडलेला नसतानाचा, व्होल्टेज बघून वायर चांगली आहे म्हणू नये. दहा तारांतली एक शिल्लक असली तरी मीटर १२.५ दाखवतोच.

करायचं असं: गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी, दोन चिमटे. हा तुमचा टेस्ट लॅम्प, पावणेदोन अँपिअर खातो, वायर तपासायला मीटरऐवजी हाच लावा. पुन्हा डोलकाठीवर चढू नका. डोलकाठीच्या पायथ्याशी जो जोड असेल तो उघडा. बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर सरळ त्या जोडाच्या डोलकाठीकडच्या मायनसला टेकवा. दोन्ही दिवे लख्ख लागले तर वर सगळं ठीक, दोष पायथा ते पॅनेल यामध्ये. नाही लागले तर वरच्या वायरीत.

आणि एक न विचारलेलं. इंजिनचा दिवा आणि लाल-हिरवे एकाच बटणावर? शिडावर जाताना तो दिवा लागलेला दिसला की समोरचा समजणार ही इंजिनवरची बोट. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्या दिव्याचा अर्थच तो आहे. मग कोणी कोणाला वाट द्यायची याचा घोळ. वेगळं बटण करा.

रापणकार (सोमवार, सायंकाळी ६.४०)

माझ्या होडयेत येकच बॅटरी, दोन बल्ब. काय बिघडला तर दिसता. तुमी श्रीमंत लोक, वायरींचो गुंतो करतास आणि मगे हयसर इचारतास.

पण पायथ्याचो जोड बघ हां बाबा. पाणी थयसरच मरता.

खारा_वारा (पुढचा रविवार, रात्री ९.३०)

आठवडाभर ऑफिस. काल शेवटी होडीवर गेलो.

डोलकाठी डेकवर उभी आहे, वायरी डेकमधून खाली केबिनमध्ये येतात. छताचं प्लायवूड काढलं तर आत काळ्या टेपचा लाडूएवढा गोळा! टेप सोलली, ती सोलायची नव्हतीच, चिकट डांबरासारखी गळाली. आत घरच्या वायरिंगमध्ये वापरतात ती प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी, स्क्रू हिरवेगार, आणि मायनसची वायर हात लावताच बाहेर आली. नुसती टेकून होती.

साहेबांनी सांगितलं तशी बॅटरीपासून सरळ वायर टेकवली. दोन्ही दिवे असे लागले की पलीकडच्या मचव्यावरचा तांडेल ओरडला, "लागले काय रे!" त्यालाही माझी कथा माहीत होती म्हणजे.

मग म्हटलं, वायर दोन सेंटिमीटर कापून नवा जोड करू. सोलली तर आत तांबं काळं. आणखी दहा सेंटिमीटर सोललं, काळं. हातभर सोललं तरी काळंच, आणि तारा दुमडल्या की कटकन तुटतात. हे कुठपर्यंत गेलं असेल?

बत्तीसाहेब (रविवार, रात्री १०.०५)

वरच्या टोकापर्यंतही गेलं असेल. खारं पाणी बारीक तारांमधून वातीसारखं चढतं. त्या वायरीला डॉक्टर नाही. तिन्ही नव्या ओढा.

आणि या वेळी कल्हईची वायर घ्या. आमच्या आजीच्या घरी पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की ताक कळकायचं, तसंच हे. उघडं तांबं मिठाच्या हवेत कळकतं, हिरवा कळंक धरतं, मग काळं पडतं. बोटीच्या वायरीत प्रत्येक बारीक तारेवर कथलाचा थर असतो. बाजारात टिन्ड कॉपर मागा, सोलल्यावर चंदेरी दिसली पाहिजे. घरची वायर कितीही चांगल्या कंपनीची असली तरी ती भिंतीतल्या पाइपात राहायला बनवलेली असते.

जाडी मोजून घ्या. पॅनेल ते टोक १५ मीटर धरू, जाऊन-येऊन ३०. दीड एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम, म्हणजे एकूण ०.३६. २५ वॅटला २.१ अँपिअर. पाऊण व्होल्ट वाटेतच गेला, सहा टक्के. तेवढ्यात साध्या बल्बचा जवळजवळ पाचवा हिस्सा उजेड कमी होतो. नेव्हिगेशनच्या दिव्यांना तीन टक्क्यांच्या आत ठेवायची शिस्त आहे. त्यासाठी साधा बल्ब ठेवायचा तर चार एमएम लागेल, अडीचने साधारण चार टक्के पडतात. एलईडी घालणार असाल तर दीडनेही भागतं, तरी मी अडीच ओढीन, ओढताना तुटत नाही म्हणून.

म्हणजे रेडिओवाले साहेबांचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त आठवडाभर लवकर आला.

रेडिओवाला (रविवार, रात्री १०.२०)

आभारी आहे. पण एलईडी स्वस्तातले घेऊ नका हे मीच सांगतो. त्यांच्या आतल्या सर्किटमधून खरखर निघते आणि व्हीएचएफ (होडीवरचा बोलायचा रेडिओ) बहिरा होतो. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याबद्दल सूचनाच काढली होती. तपासायला सोपं: रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबायची कळ) जेमतेम आवाज बंद होईल इतपत ठेवा, मग दिवा लावा. खरखर सुरू झाली तर दिवा परत करा. आणि लाल-हिरव्या काचेमागे पांढराफेक एलईडी घातला तर रंग बिघडतो.

जोड मात्र डाग देऊनच (सोल्डर करून) करा. नुसतं दाबून काय होतं?

बत्तीसाहेब (रविवार, रात्री १०.४१)

इथे आपलं जमणार नाही. डाग दिला की शिसं-कथील वायरीत दोन सेंटिमीटर वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. होडी हलते, इंजिन थरथरतं, आणि ताठ भाग संपतो तिथे तारा एकेक करून तुटतात. थिंबल (वायरीच्या टोकावर चेपायचं धातूचं टोपण) योग्य मापाचं, रॅचेटवाला क्रिंपर (पकडीने चेपायचं नाही!), आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी). तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा मणी बाहेर आला की पाणी बाहेर राहिलं समजा.

रेडिओवाला (रविवार, रात्री १०.५०)

माझा १९९१ चा डाग अजून टिकून आहे.

बत्तीसाहेब (रविवार, रात्री १०.५२)

घरात की होडीत?

रेडिओवाला (रविवार, रात्री ११.३०)

घरात.

रापणकार (सोमवार, सकाळी ६.१५)

माझो बाबा जोडार मेणबत्ती वितळवून ओतायचो. धा वर्सां काय झाला नाय.

गॅरेजवाली (सोमवार, सकाळी ९.००)

काका, चालतं ते, जोड आधी घट्ट असेल तर. लोक आधी मेण, मग ग्रीस, मग टेप लावतात आणि स्क्रू आवळायला विसरतात.

खारा_वारा, फ्यूज बघितले का? अशा वायरिंगमध्ये मला फ्यूजचीच जास्त भीती.

खारा_वारा (सोमवार, दुपारी १२.३०)

बघितले. सांगायला लाज वाटते. एका फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली आहे. बॅटरी ते पॅनेल या जाड वायरीवर फ्यूजच नाही.

बत्तीसाहेब (सोमवार, दुपारी १.००)

दिवे राहू देत, हे आज करा. १०० एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक तिला गरीब गाय समजतात, पण वायर लालबुंद व्हायला काही सेकंद पुरतात, आणि तुमची होडी फायबरची आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत मुख्य फ्यूज. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. दिवा एक अँपिअरचा असो, वायर दीडची असेल तर तिला १० पेक्षा मोठा नको.

ते होईपर्यंत होडीवरून उतरताना बॅटरीची मायनस काढत जा. आणि मेन स्विच असेल तर इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतील.

खारा_वारा (गुरुवार, रात्री १०.००)

मुख्य फ्यूज बसवला. मायनस काढलेलीच होती, म्हणून मध्ये मीटर घालून सगळं बंद असताना किती करंट जातो ते बघितलं. ३८ मिलिअँपिअर! एकेक फ्यूज काढत गेलो. बिल्जच्या (होडीच्या तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या) पंपाचा काढला तेव्हा २ वर आला. पंपाच्या वायरीचा जोड तळातल्या पाण्यात बुडालेला होता, टेप गुंडाळून.

३८ मिलिअँपिअर म्हणजे महिन्याला २७ एएच. माझी जुनी बॅटरी याच कारणाने बसत असणार. तीही बिचारी चांगली असेल, मी भंगारात दिली.

सुकती_भरती (गुरुवार, रात्री १०.०८)

मी काही बोलत नाही.

बत्तीसाहेब (शुक्रवार, सकाळी ११.२०)

बॅटरी गेली ते सोडा. समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक त्याच पाण्यात आहे का? प्लसची गळती तळातल्या पाण्यातून त्या कॉकमध्ये शिरते आणि त्याच्या बाहेरच्या तोंडातून समुद्रात उतरते. धातूतून करंट पाण्यात जिथे उतरतो तिथला धातू विरघळतो. एक अँपिअर वर्षभर वाहिला तर दहा किलो तांबं खातो, त्यावरून ३६ मिलिअँपिअरचा हिशेब करा. बाकीचा धातू वाचावा म्हणून तळाला जस्ताचा तुकडा लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, कॉक त्याला वायरीने जोडलेला नसेल तर ते जस्त त्याच्या कामाचं नाही.

खारा_वारा (रविवार, दुपारी ४.३०)

उधाणाची भरती बघून होडी पुळणीला लावली आणि सुकतीत तळ बघितला. कॉकचं बाहेरचं तोंड खड्डे पडलेलं आणि गुलाबी. नखाने खरवडलं तर पावडर.

बत्तीसाहेब (रविवार, सायंकाळी ५.१०)

गुलाबी म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं, उरलं ते भुसभुशीत तांबं. नळाच्या दुकानातला घरगुती कॉक बसवलाय कुणीतरी. तो समुद्रात आज ना उद्या जाणारच होता, गळतीने घाई केली. ब्राँझचा घ्या. तोवर होडी परत पाण्यात घालू नका. हे विनंती म्हणून लिहीत नाही.

पंपाचा जोड वर, हात पोचेल अशा जागी घ्या. पंपाला बॅटरीपासून स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज, मेन स्विच बंद असतानाही चालला पाहिजे.

खारा_वारा (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११.००)

कॉक बदलला. वायरी ओढल्या. जुन्या वायरीलाच सुतळी बांधून ती ओढून घेतली आणि त्या सुतळीने नव्या वर नेल्या. ओढण्याआधी दर अर्ध्या मीटरवर तीन-तीन प्लॅस्टिकचे टाय तीन दिशांना शेपट्या न कापता बांधले. त्यामुळे वायरी डोलकाठीत मधोमध राहतात, रात्री लाटेवर टकटक वाजत नाहीत. या वेळी चार वायरी, दोन्ही दिव्यांना वेगवेगळी मायनस. पायथ्याशी वायरीला खाली एक झोळ ठेवलाय, पाणी आलंच तर झोळातून पागोळीसारखं ठिबकेल, जोडात जाणार नाही. इंजिनच्या दिव्याला वेगळं बटण. दिवा लावून वर होल्डरमध्ये मोजलं (हो, परत झोळी. बायकोऐवजी मेहुणा): बॅटरीवर १२.६, वर १२.५.

पॅनेलमागून एकूण ११ वायरी अशा निघाल्या की ज्या कुठेच जात नाहीत. दहा काढून टाकल्या. अकरावी निळी, सुकाणूच्या दिशेने जाते, १२ व्होल्ट आहे, पण दुसरं टोक सापडत नाही. ती सोडवून टोकाला टोपी घालून लेबल लावलंय: "माहीत नाही".

गॅरेजवाली (शनिवार, रात्री ११.२०)

फोटो टाका ना पॅनेलचे. वडिलांना दाखवायचेत.

खारा_वारा (मंगळवार, रात्री १२.४०)

काल रात्री पहिल्यांदा बाहेर काढली. जयगडच्या दीपगृहाखालून गणपतीपुळ्याच्या बाजूला आणि परत. सगळे दिवे लख्ख.

फक्त होकायंत्राचा दिवा लागत नाहीये.

बत्तीसाहेब (मंगळवार, सकाळी ७.०५)

निळी वायर.